खांद्यावर घेणारे आणि कर्णधार ठरवणारे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत भातकापणी उरकली की शेतांचं रूप बदलतं. धसकटं काढली जातात, रोलर फिरतो, मधोमध पीच तयार होतं. चारी बाजूंना झेंडे, एका कडेला मंडप, मंडपात माईक, आणि माईकपासून हातभर अंतरावर चषकांची रांग. टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम सुरू झालेला असतो तो पुढे पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. कुठे सरपंच चषक, कुठे आमदार चषक, कुठे गावदेवीच्या नावाने, कुठे भीमजयंतीच्या निमित्ताने. मालिकावीराला मोटरसायकल मिळते. खेळाडूंचे लिलाव होतात, संघांना मालक असतात, सामने मोबाईलवर थेट दिसतात. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची देशपातळीवरची व्यावसायिक लीग भरली, तेव्हापासून तर वाडीवाडीवरच्या पोरांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली आहे.

दरवर्षी या हंगामात एखाद्या पोराचं नाव अचानक सगळ्यांच्या तोंडी होतं. गेल्या वर्षी दहाव्या क्रमांकावर खेळायला येणारा यंदा सलामीला येतो आणि पहिल्याच षटकात चेंडू ओढ्यापलीकडे भिरकावतो. "काय सुधारलाय पोरगा!" हे वाक्य मग रिक्षा स्टँडवर, कंपनीच्या बसमध्ये, केशकर्तनालयात, सगळीकडे ऐकू येतं. तो पोरगा बौद्धवाडीतला किंवा ठाकूरवाडीतला असेल तर त्या वाक्याला आणखी एक शेपूट लागतं: "बघा, मैदानात जात नसते. दम असला की माणूस वर येतोच."

पोराचं कौतुक व्हायलाच हवं. आपल्या वस्तीतल्या मुलासाठी अख्खं गाव टाळ्या वाजवतं तेव्हा आपल्याही अंगावर काटा येतो, त्यात खोटं काही नाही. माझा आक्षेप आहे तो त्या शेपटावर. हे वाक्य नवं नाही. त्याचं वय सव्वाशे वर्षांच्या आसपास आहे. ज्या माणसाच्या निमित्ताने ते या देशात पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोललं गेलं, त्या बाळू पालवणकरांचं आयुष्य नीट वाचलं तर ते वाक्य किती अर्धवट आहे हे कळतं.

बाळू पालवणकरांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावचं, समाज चर्मकार. वडिलांची नोकरी लष्कराशी संबंधित होती, त्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात, पीच झाडणं आणि रोलर ओढणं, महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते पूना क्लबात गेले. तो युरोपियनांचा क्लब. पगार चार रुपये. नेट बांधायचं, खेळपट्टी तयार करायची, कोर्टावर पांढऱ्या रेघा मारायच्या. फावल्या वेळात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

हे शेवटचं काम त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारं ठरलं. जे. जी. ग्रेग नावाचा त्या काळचा गाजलेला गोरा फलंदाज रोज इतरांच्या आधी येऊन बाळूंना गोलंदाजी करायला लावायचा. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देईन असं त्याने कबूल केलं होतं, अशी गोष्ट सांगतात. आठ आण्यांचं खरंखोटं बाजूला ठेवू. दिवसचे दिवस, तासन्‌तास, पश्चिम भारतातल्या उत्तम फलंदाजासमोर डाव्या हाताने फिरकी टाकत राहणं, एवढं पुरेसं आहे. दोन-तीन वर्षांत या पोराच्या बोटांतून चेंडू असा वळू लागला की पुण्यात त्याची चर्चा सुरू झाली. ज्याला लोक "अचानक सुधारणा" म्हणतात ती अशी असते. पाहणाऱ्याला ती अचानक वाटते, कारण त्याआधीची हजारो षटकं त्याने पाहिलेली नसतात. ती रिकाम्या मैदानावर, कामाचा भाग म्हणून, चार रुपये महिन्यावर टाकलेली असतात.

'लगान' या चित्रपटातला कचरा आठवा. २००१ साली आलेल्या या चित्रपटातल्या कचऱ्याला पाहून अनेकांना बाळू पालवणकर आठवले. पण चित्रपटाने काय केलं? त्याचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे. मेहनत नाही, अभ्यास नाही, विचार नाही. शरीरातल्या व्यंगाचाच योगायोगाने गुण झालेला. त्याला संघात घ्यायचं की नाही हे ठरवतो नायक, भाषण करतो नायक, कचरा मान खाली घालून उभा. दलित खेळाडूचं कसब म्हटलं की ते निसर्गाची देणगी, आणि त्याचं मैदानात येणं ही कुणा सवर्णाची कृपा, ही मांडणी लोकांना फार आवडते. तिच्यात मेहनतीचा हिशेब द्यावा लागत नाही.

पूना क्लबातली आणखी एक गोष्ट रामचंद्र गुहा यांनी आपल्या क्रिकेट इतिहासात नोंदवली आहे, ती मला सगळ्यांत बोलकी वाटते. बाळूंनी साहेबांना इतके चेंडू टाकले, पण त्या क्लबात त्यांच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणं हे श्रमाचं काम, ते नोकराने करायचं. बॅट धरणं हे मालकाचं काम. म्हणजे पोराची "सुधारणा" कोणत्या दिशेने होऊ द्यायची हेसुद्धा आधीच ठरलेलं होतं. ज्या अंगाने साहेबाचा खेळ सुधारेल, त्याच अंगाने याने सुधारायचं.

समाजशास्त्रात याला एक नाव आहे. एम. ए. ला असताना मी ते पहिल्यांदा वाचलं: स्टॅकिंग. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग या दोन अभ्यासकांनी १९७० साली अमेरिकेतल्या बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये कोणत्या जागेवर कोणत्या वंशाचे खेळाडू आहेत हे मोजलं. काळे खेळाडू मैदानाच्या कडेच्या, धावण्याच्या, ताकदीच्या जागांवर गोळा झालेले. मधल्या, निर्णय घेण्याच्या, इतरांना सूचना देण्याच्या जागा गोऱ्यांकडे. अमेरिकन फुटबॉलमध्ये अशी सर्वांत मोठी जागा क्वार्टरबॅकची. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते, चेंडू कुणाकडे द्यायचा ते तो ठरवतो. तिकडे तरुण क्वार्टरबॅक एका मोसमात सुधारला की अख्खं शहर वेडं होतं. मात्र काळ्या माणसाला ही जागा "झेपणार नाही" असा समज कित्येक दशकं पक्का होता. मार्लिन ब्रिस्को या काळ्या खेळाडूला १९६८ साली डेन्व्हरच्या संघात ही जागा मिळाली. पहिल्याच मोसमात त्याने १४ टचडाऊन पास दिले. पुढच्या वर्षी डेन्व्हरने त्याला ठेवलं नाही. बफेलोच्या संघाने घेतलं ते दुसऱ्याने फेकलेला चेंडू पकडायला. सुपर बोल जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक डग विल्यम्स, तो जानेवारी १९८८ मध्ये. अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना काळे क्वार्टरबॅक उभे राहायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं. कसब पहिल्यापासून होतं. जागा देणारे वेगळे होते.

आता परत पुण्याला येऊ.

युरोपियनांशी झुंजायला निघालेल्या पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. बाळूंना घ्यावं तर विटाळ, न घ्यावं तर हार. क्लबात वाद झाला. काही तेलुगू सदस्य त्यांना घेण्याच्या बाजूचे होते, पुण्याचे ब्राह्मण सदस्य विरोधात. शेवटी घेतलं. पण चहाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. हात धुवायचे तर पाणी घालायला अस्पृश्य नोकर. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. चेंडू मात्र एकच. बाळूंनी बोटांत घट्ट धरून टाकलेला चेंडू यष्टिरक्षक ब्राह्मण दोन्ही हातांनी झेलायचा, आणि त्या चेंडूला विटाळ होत नव्हता. कातड्याचा चेंडू, चर्मकाराच्या हातून आलेला, आणि तरी शुद्ध! शास्त्राधार कुठला होता कोण जाणे. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीला मारक ठरावी म्हणून आठवडाभर खेळपट्टी रोलरने घट्ट करवून घेतली होती. तिथेही बाळूंनी सात बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला. याच सुमारास न्यायमूर्ती रानड्यांनी, सोबत खेळता तर सोबत खायला काय हरकत, असं खेळाडूंना सुनावलं होतं. समाजसुधारकांच्या सौजन्याचा मान ठेवूनही विचारावंसं वाटतं: सात बळींऐवजी एकच मिळाला असता तर हे सुनावणं झालं असतं का?

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला आले. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी तेव्हाही बोरघाट उतरून आपल्या कर्जतवरूनच जायची. मुंबईत ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. पाठोपाठ भाऊही आले: शिवराम, विठ्ठल, गणपत. १९०६ साली हिंदूंचा युरोपियनांशी पहिला मोठा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. मुंबईत जल्लोष झाला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने तर सुधारकांच्या भाषणांनी जे साधलं नाही ते खेळाने साधलं, अशा अर्थाचं लिहिलं. "मैदानात जात नसते" या वाक्याचा हा मोठ्या आवाजातला पहिला उच्चार.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. एकूण २३ सामने, त्यातले १५ हरले. या पडझडीत एक माणूस उभा राहिला. पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. कर्णधार महाराज थोडेच सामने खेळले. बाकीचा वेळ त्यांचा राजेशाही पाहुणचारात गेला. पण संघाचा प्रमुख कोण असावा याबाबत कुणाला शंका नव्हती. दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. या सत्कारात वीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा पुढाकार होता. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. पुढे काय घडलं ते माहीत असल्यामुळे हा प्रसंग वाचताना पोटात कालवल्यासारखं होतं.

कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले, आणि त्यांनी स्वतः सत्काराच्या वेळी सांगितलं की हा मान खरं तर ज्येष्ठ म्हणून माझे मित्र बाळू यांचा होता. पैंचा प्रामाणिकपणा मान्य. पण तो मान त्यांनी परत केला नाही, आणि निवड समितीनेही त्यांचं म्हणणं मनावर घेतलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली. मैदानावर बाळूंच्या नावाचा जयघोष व्हायचा आणि बंद खोलीत कर्णधार म्हणून दुसरंच नाव लिहिलं जायचं.

१९२० ला भडका उडाला. पै आजारी, म्हणून पहिल्या सामन्याचं नेतृत्व दि. ब. देवधरांना दिलं. बाळूंना तर संघातूनच वगळलं. विठ्ठल तेव्हा हिंदू संघाच्या उत्तम फलंदाजांपैकी एक. त्यांचाही विचार नाही. शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि जातीमुळे आम्हाला डावललं जात आहे हे जाहीर निवेदनातून लोकांपुढे मांडलं. हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पान वाटतं. दोन अस्पृश्य खेळाडू "हिंदू" संघाला सांगतात की तुमचा जयघोष नको, आमचा हक्क द्या. गवगवा झाला तेव्हा समिती नमली. अंतिम सामन्याला भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केलं गेलं आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ नेतृत्व बाळूंकडे आलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, उधार मिळालेलं, काही तासांचं कर्णधारपद. बाळूंच्या वाट्याला एवढंच. प्रथम श्रेणीत ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, आणि त्यावर हे एवढं.

भावांचा लढा मात्र वाया गेला नाही. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांना हरवल्यावर प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्यांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतलं. चर्मकाराच्या मुलाचा स्पर्श त्या दिवशी हजारोंनी आनंदाने घेतला. पुढची तीन वर्षंही कर्णधारपद त्यांच्याकडेच राहिलं आणि त्यातल्या १९२५ आणि १९२६ या दोन वर्षी हिंदूच जिंकले. विठ्ठलनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, म्हणून तरी या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्या.

आता १९२३ हे साल धरून ठेवा आणि मुंबईहून आपल्या जिल्ह्यात या. तेव्हा याचं नाव कुलाबा. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग काय झालं? जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. आणि तळं "शुद्ध" करण्यासाठी त्यात १०८ घागरी पंचगव्य ओतलं गेलं, शेणमुतासकट.

विठ्ठलना खांद्यावर घेतलं त्याला तेव्हा साडेतीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्याच इलाख्यात, त्याच धर्माच्या, कदाचित त्याच वर्तमानपत्रांतून धावसंख्या वाचणाऱ्या लोकांनी हे केलं. क्रिकेटवेड्या माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या. खेळाडूला खांद्यावर घेणं हे एका संध्याकाळचं काम, त्यात काही सोडावं लागत नाही. तळ्याचं पाणी वाटून घेणं म्हणजे रोजचा अधिकार सोडणं. म्हणून "खेळाने जात मोडली" असं कुणी सांगितलं की मी महाडच्या तळ्याकडे बोट दाखवते. कर्जत-खालापूरच्या माणसाला ते काही फार लांब नाही.

या गोष्टीतला अवघड भाग अजून राहिला आहे, आणि तो आपल्यातले बरेच जण टाळतात. बाळू पालवणकर पुढे राजकारणात बाबासाहेबांच्या विरोधात गेले. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला विरोध करणाऱ्या राजा-मुंजे कराराच्या बाजूला ते होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३३ मध्ये हिंदू महासभेकडून मुंबई महापालिकेची निवडणूक लढवून ते हरले. आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांसमोर उभा केलेला उमेदवार होते हेच बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५.

आपल्याकडे यावरून दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. एक म्हणजे "तो काँग्रेसचा हस्तक, त्याचं नाव कशाला घ्यायचं". यात कधी कधी महार-चांभार हा जुना दुरावाही डोकावतो, आणि तो ओळखून बाजूला सारायला हवा. दुसरी, सोयीस्कर भूमिका म्हणजे क्रिकेटपटू बाळू तेवढे घ्यायचे, राजकारणातले बाळू विसरायचे. मला दोन्ही पटत नाहीत. बाळूंचं राजकारण त्यांच्या क्रिकेटमधूनच आलेलं आहे. आयुष्यभर त्यांना जे मिळालं ते "हिंदू" संघात राहून मिळालं. आत राहून, गुण दाखवून, वाट पाहून हक्क मिळतो असं त्यांना वाटलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. त्यांच्या धाकट्या भावाला शेवटी कर्णधारपद मिळालंही होतं.

पण बाबासाहेबांचा मुद्दा नेमका तिथेच होता. स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे काय? आमचा प्रतिनिधी आम्ही निवडणार. संयुक्त मतदारसंघात उमेदवार अस्पृश्य असला तरी त्याचं जिंकणं-हरणं बहुसंख्य सवर्ण मतदारांच्या मर्जीवर. म्हणजे पुन्हा तीच निवड समिती! १९१३ ते १९२० या काळात ज्या समितीने बाळूंना कर्णधारपदापासून लांब ठेवलं, तिचंच मोठं रूप. बाबासाहेबांनी मैदानाच्या कडेला उभं राहून जे पाहिलं ते बाळूंना मैदानाच्या आत राहून दिसलं नाही, हे या इतिहासातलं खरं दुःख. आणि काँग्रेसने काय पाहिलं? लोकप्रियता. ज्या माणसाला कर्णधार करायला सवर्ण समाज वीस वर्षं तयार नव्हता, त्याची कीर्ती बाबासाहेबांना पाडण्यासाठी मात्र चालत होती. अकरा हजारांवर मतं मिळाली, यात बाळूंच्या चाहत्यांचा वाटा किती असेल याचा अंदाज बांधायला अवघड नाही. त्याच वर्षी १७ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. तो दावा दहा वर्षं चालवला होता तो निवडून आलेल्या माणसाने.

बाळू ४ जुलै १९५५ ला वारले. देशातल्या मोठ्या क्रिकेट स्पर्धांची नावं काढून पाहा. रणजींच्या नावाने करंडक १९३४ पासून आहे, देवधरांच्या नावाने १९७३ मध्ये सुरू झाला. पालवणकर हे नाव त्या यादीत सापडणार नाही.

आता आपल्या शेतातल्या मंडपाकडे वळते. सामाजिक कामाच्या निमित्ताने या दोन तालुक्यांतल्या वस्त्यांवर माझं जाणं-येणं असतं. स्पर्धेच्या हंगामात पोरांशी बोलणं व्हायचं तर ग्राऊंडवरच जावं लागतं. तिथे मी खेळ बघते, पण त्याहून जास्त बॅनर वाचते. बॅनरवर वरच्या ओळीत प्रायोजक, मग आयोजक, मग "विशेष सहकार्य", मग संघमालक. खाली लहान चौकोनांत खेळाडूंचे फोटो. वरच्या ओळींतली आडनावं आणि खालच्या चौकोनांतली आडनावं एकदा शेजारी मांडून बघा. जमीन ज्याची, मैदान त्याचं. मैदान ज्याचं, समिती त्याची. लिलावात बोली लावणारे कोण आणि ज्यांच्यावर बोली लागते ते कोण? आपल्या पोरांना "लिलाव" या शब्दात काही खटकत नाही, मला खटकतो. बोली जास्त लागली म्हणून पोरगं खूश असतं, आणि मोसम संपला की तेच पोरगं खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटदाराकडे रोजाने कामाला लागतं.

खेळाडू जलदगती गोलंदाज असेल, षटकार मारणारा असेल, कुणाची हरकत नसते. हरकत सुरू होते ती पंच कोण, धावलेखक कोण, तक्रार आली तर निकाल कोण देणार, संघाचा कर्णधार कोण, बक्षिसाच्या रकमेचा हिशेब कुणाकडे, या प्रश्नांवर. एका पोराने मला सांगितलं, "ताई, मॅच फिरवणारा मीच, पण टॉसला दादा जातात." दादा म्हणजे संघमालकाचा पुतण्या, फारसा न खेळणारा. पोराने ते हसत सांगितलं. मार्लिन ब्रिस्कोबद्दल त्याने ऐकलेलं असण्याचं कारण नाही, पण गोष्ट तीच.

आपले स्वतःचे भीमजयंती चषकही आहेत, आणि तिथे तरी चित्र वेगळं असावं. बऱ्याच ठिकाणी नसतं. ढाल-चषकांसाठी आपणही त्याच पुढाऱ्यांच्या दारात जातो, मग मंचावर तेच बसतात आणि आपली कार्यकर्ती पोरं पाण्याचे जार वाहतात. मुलींचे सामने तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही होत नाहीत. त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल.

येत्या दिवाळीनंतर पुन्हा धसकटं निघतील. आपल्यातलं एखादं पोरगं पुन्हा सगळ्यांना वेड लावेल, आणि त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडायला मीही तिथे असेन. स्पर्धेच्या नियोजनाची बैठक मात्र त्याच्या दोन महिने आधी, गणपती आटोपले की होते. ग्रामपंचायतीच्या नाहीतर कुणाच्या तरी फार्महाऊसच्या खोलीत. शिवराम आणि विठ्ठल यांनी १९२० साली जे निवेदन काढलं ते अशाच एका खोलीला उद्देशून होतं. यंदा त्या खोलीत आपल्या मंडळांपैकी कोण कोण जाणार आहे, हे आतापासून ठरवायला वेळ आहे.

जय भीम.